रुमालातून उपसलेले पत्र : सेनापतींच्या युद्धकालीन पत्रांचा खासगी संग्रह योग्य की अयोग्य?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

आमच्या नात्यातील एका घरी, येथेच ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दिवाणखान्यात एक मोडी पत्र काचेच्या चौकटीत लावलेले आहे. ते महादजी शिंद्यांच्या छावणीतून आलेले असल्याचे घरातील मंडळी अभिमानाने सांगतात, आणि मायना व मजकूर पाहता शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. गेल्या महिन्यात काच बदलण्यासाठी चौकट उघडली तेव्हा लक्षात आले की ते पत्र पूर्वी कोणीतरी खळ लावून पुठ्ठ्यावर पक्के चिकटवले आहे. कडेला एका ओळीची दोन अक्षरे तेवढी डोकावत होती; बाकीची पाठ कायमची झाकली गेली. ज्या रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून, हे पत्र काढले, तो रुमाल ‘नुसते हिशेब आहेत’ म्हणून रद्दीत गेला.

पाठीला एवढे महत्त्व का, ते सांगतो. पत्र ज्याला मिळे त्याचा कारकून पाठीवर पैवस्तीची, म्हणजे पत्र पावल्याची, नोंद करीत असे. लिहिल्याची आणि पावल्याची तारीख शेजारी ठेवली की जासुदाला, म्हणजे पत्र नेणाऱ्याला, किती दिवस लागले ते कळते. १७८७ मध्ये राजस्थानातील लालसोटच्या लढाईनंतर महादजी पुण्याकडे फौज आणि पैसा मागत होते, तेव्हा प्रत्येक दिवसाला किंमत होती. त्यातही अनेक पत्रांवर ‘छ’ लिहून चंद्राची तारीख आणि महिना एवढेच असते, सालाचा उल्लेख नसतो. ते साल शेजारच्या पत्रांवरून आणि त्याच हिशेबांवरून ठरवावे लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अशा पत्रांची सुटी खरेदी-विक्री होऊ नये. आता आमच्याच चुलत घराण्यातील एका रुमालासाठी गिऱ्हाईक आले आहे, आणि त्याला ज्यांत महादजींचे नाव आहे तेवढीच पत्रे हवी आहेत. हे मला अत्यंत अस्वस्थ करते.

बोरू

आपली तळमळ समजते, परंतु निष्कर्ष मान्य नाही. खासगी माणसांनी पदरमोड करून कागद जमवले नसते, तर आज आपण ते वाचू शकलो असतो काय? भाऊसाहेबांनी पानिपतापूर्वी गोविंदपंत बुंदेल्यांना अब्दालीची रसद तोडण्याविषयी आणि पैशाविषयी लिहिलेली निकडीची पत्रे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केली, ती वाडे आणि माळे धुंडाळून. इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आपल्या ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळक्यांनी कोट्याच्या गुळगुळे दफ्तरातील पत्रे छापली, तेही एका वकिली, म्हणजे दरबारी प्रतिनिधींच्या, घराण्याने कागद सांभाळले होते म्हणूनच. ज्या घरात आता कोणाला मोडी येत नाही, तिथे तो रुमाल पावसाळ्यागणिक वाळवीचा घास होतो. पैसे मोजून नेणारा निदान तो जपतो तरी.

छत्रीबाजार

बोरू यांनी दिलेली नावे आदरणीयच आहेत, पण त्यांनी पत्रे मिळवली ती वाचून छापण्यासाठी; भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे. हा फरक मला निर्णायक वाटतो.

दुसरे असे की, ‘सेनापतीचे हस्ताक्षर’ म्हणून जी किंमत मागितली जाते, तिच्यात बहुधा गैरसमज असतो. छावणीतील पत्र कारकून लिही. सरदार मजकूर सांगे, आणि शेवटी शिक्कामोर्तब होई. स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर विरळा, म्हणून तर ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द वेगळा जपला गेला. आज आपण तो ‘जातीने’ या अर्थाने वापरतो. दस्तुर म्हणजे मुळात हस्ताक्षर. कायद्याचेही भान हवे : पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या अधिनियमानुसार ऐतिहासिक मूल्य असलेले किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते, त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाकडे परवाना आहे का, हे आधी विचारावे.

बोरू

परवान्याचा मुद्दा मान्य. हस्ताक्षराचाही मान्य. परंतु सार्वजनिक संस्थेत कागद दिला की तो सुरक्षित झाला, हे मी स्वानुभवाने मान्य करू शकत नाही. माझ्या आजोबांनी एका संस्थेला दोन रुमाल भेट दिले होते. काही वर्षांनी मी ते पाहण्यासाठी गेलो, तेव्हा नोंदवहीत आमच्या घराण्याचे नावच नव्हते, आणि दोन दिवस खेपा घालूनही कागद सापडले नाहीत. त्या दोन रुमालांत काय होते, हे आज आम्हाला कोणालाही सांगता येत नाही, कारण देण्यापूर्वी आम्ही एकाही पानाची नक्कल करून ठेवली नव्हती. यापेक्षा एखाद्या जाणत्या संग्राहकाच्या कपाटात ते असते, तर मी निश्चिंत झोपलो असतो.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

बोरू, आपल्या आजोबांच्या कागदांचे वाचून मन विषण्ण झाले, आणि माझे मत एका ठिकाणी बदलले. कागद कोणाच्या कपाटात आहे, यापेक्षा तो अख्खा आहे की नाही आणि त्याची नोंद आहे की नाही, यावर मी भर द्यायला हवा होता. संग्राहकाला माझा विरोध राहणार नाही, जर तो रुमाल न फोडता घेणार असेल आणि अभ्यासकाला दार उघडणार असेल. एकेक पत्र उपसून नेणाऱ्याला मात्र विरोध कायम आहे, मग त्याने कितीही रक्कम देऊ केली तरी.

चुलतभावाशी काल बोललो. दिवाळीपर्यंत विक्री थांबवण्यास तो तयार झाला आहे. तोवर आम्ही दोघे रुमालातील प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेऊ, आज ज्या क्रमाने ते बांधलेले आहेत त्याच क्रमाने, हिशेबांसकट. छत्रीबाजार, आपल्याला मोडी चांगली येते असे दिसते. रविवारी सकाळी दोन तास आपण देऊ शकाल का? चौकटीतल्या पत्राला आम्ही अजून हात लावलेला नाही. पुठ्ठा भिजवून सोडवावा असे एकाने सुचवले होते, पण काजळीची शाई पाण्याने पसरेल या भीतीने मी नको म्हटले.