वसंतातली सोपी पायवाट : तुमची कुठली?

काल माळ्यावरून ट्रेकचे बूट काढले. घालून दहा पावलं टाकली नाहीत तोच डाव्याचा तळ फटफट वाजायला लागला, उजव्याने दुपारी साथ सोडली. टाकून द्यायच्या आधी आतला सोल काढला तर खाली चिकटलेली एक तपकिरी, कागदासारखी पाकळी. बुरांश! म्हणजे हिमालयातलं ऱ्होडोडेंड्रॉनचं फूल.

सात वर्षांपूर्वी एप्रिलात आईला उत्तराखंडातल्या देवरियातालला नेलं होतं, तेव्हाची असणार. सारी गावापासून जेमतेम अडीच किमी, फरसबंदी वाट, पण सगळा चढच. आई तेव्हा अडुसष्टची. दर वळणाला बसायची, वर बघत राहायची. मला तळ्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब गाठायची घाई. पोचलो तर वारा सुटलेला, प्रतिबिंब-बितिबिंब काही नाही. मी हिरमुसले, आई मात्र ओंजळभर पडलेली फुलं घेऊन खुशीत.

तुमच्या अशा फुलांच्या वाटा सांगा. सोप्या म्हणजे खरंच सोप्या हं.

टाचदुखी
बुटांचं वाईट वाटलं. मधला थर पॉलियुरेथेनचा असतो, दमट हवेत नुसता पडून पडून त्याचा भुगा होतो. जपून ठेवलेलेच आधी जातात. माझे ऐन उतारावर गेले होते, बुटाच्याच नाड्यांनी तळ बांधून खाली आलो.

भटकी_माऊ
"सोप्पंय गं, आजीबायासुद्धा जातात" असं सांगून मैत्रिणीने नेपाळमधल्या पून हिलला नेलं. उल्लेरीच्या तीन हजारांवर पायऱ्या!! आजीबाया खरंच जात होत्या, पाठीवर गवताचे भारे घेऊन, माझ्याकडे बघून हसत. पण घोरेपाणीच्या जंगलात शिरल्यावर सगळं माफ. खाली लालभडक, जसजसं वर जावं तसतशी गुलाबी फुलं. मैत्रीण अजून आहे 😀

निवांत
खरंच सोपी हवी असेल तर सिक्कीममधलं बार्से. हिलेपासून साधारण साडेचार किमी, जवळजवळ सपाट. आम्ही एप्रिलअखेरीला गेलो तर इतकं धुकं की झाडं दिसेनात. खाली पडलेला सडा बघून वर कुठलं झाड आहे ते ओळखायचं. आधी चिडचिड झाली, मग तोच खेळ झाला.

भटकी_माऊ
जळवा होत्या का?

निवांत
आम्हाला नाही लागल्या. पाऊस सुरू झाल्यावरचं माहीत नाही.

मधलीसुट्टी
+१ देवरियाताल. तिथूनच तुंगनाथला मार्चात जायचा शहाणपणा केला होता. चोपत्यापासून साडेतीनच किमी म्हणून उशिरा निघालो. सकाळी टणक असलेला बर्फ दुपारी भुसभुशीत, दर चार पावलांना गुडघ्यापर्यंत आत. परत फिरलो. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

दूरदेशी
इंग्लंडात ब्लूबेलची जंगलं. एप्रिलअखेर ते मेचा मध्य. वर झाडांना पानं फुटून सावली दाट व्हायच्या आत ही खालची मंडळी फुलून घेतात. लेक फोटोसाठी वाट सोडून आत घुसला, तर एक आजी जाम रागावल्या. पानं चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही, ती जागा भरून यायला वर्षं लागतात म्हणे. तेव्हापासून मीच इतरांवर ओरडते.

सावरीखाली
एवढ्या लांब कशाला जायचं? फेब्रुवारी-मार्चात पानगळीच्या कुठल्याही जंगलात उजाडता निघा, ऊन चढायच्या आत परत या. पळस, पांगारा, काटेसावर, सगळे निष्पर्ण आणि पेटलेले. सावरीच्या शेंड्यावर मैनांची भांडणं चालू आणि खाली आपण. फूल धप्पकन पडतं, चांगलं जड असतं. उचललं की आधी मुंग्या झटकायच्या. माझ्या कॉलरमध्ये गेल्या होत्या, पुढचं सांगत नाही.

टाचदुखी
सांगा की!

मधलीसुट्टी
आले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. काय चाललं होतं?

धागाकर्ती
हाहा, मुंग्या! सगळे मस्त लिहिताय. आईला पाकळी दाखवली. तिला तळं आठवतंय, वारा आठवतोय, फुलं अजिबात नाही. म्हणाली, "बूट चांगले होते गं, चांभाराला विचारलंस का?"