मदत हवी आहे : ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा बीडीव्ही उत्तम, पण फ्युरान १.२ पीपीएम. आतल्या कागदाचं काय समजायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमचा ३३/११ केव्हीचा, ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर १९९७ पासून चालू आहे. दोन वर्षांपूर्वी तेलाचा बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेल दगा देतं तो आकडा) २८ केव्हीवर घसरला, म्हणून जागेवरच व्हॅक्यूम फिल्ट्रेशन (निर्वातात तेल गाळून पाणी-कचरा काढणं) करून घेतलं. बीडीव्ही ६५ वर गेला आणि सगळे निर्धास्त झाले.

माझं मन मानेना, म्हणून यंदा पूर्ण तपासणी करून घेतली. बीडीव्ही अजूनही ५८ आहे. पण आम्लता ०.२६, आयएफटी (तेल-पाण्यामधला पृष्ठताण, तेल खराब झालं की घटतो) १८, पाणी २४ पीपीएम आणि तेलाचा रंग कोऱ्या चहासारखा. डीजीएत (तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीत) ॲसिटिलीन नाही. कार्बन मोनॉक्साइड ७००, कार्बन डायऑक्साइड ६२००. फ्युरान (वाइंडिंगवरचा कागद झिजताना तेलात उतरणारं रसायन) १.२.

साहेब म्हणतात, दिवाळीच्या शटडाऊनमध्ये परत एक फिल्ट्रेशन मारू. तेवढ्यानं भागेल का? हा ट्रान्सफॉर्मर बसला तर तीनशे माणसांचं काम थांबतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १

बीडीव्हीवर विसंबू नका. त्यातून तेलातलं पाणी आणि कचरा कळतो, कागदाचं वय नाही. नव्या कागदाचा डीपी (तंतूंमधल्या साखळीच्या लांबीचं, म्हणजे चिवटपणाचं माप) हजाराच्या आसपास असतो, २०० ला कागद संपला असं धरतात. १.२ फ्युरानवरून तुमचा साधारण ४०० येतो. पण फिल्ट्रेशनमध्ये थोडं फ्युरान निघून जातं, त्यामुळे खरी अवस्था याहून वाईट असू शकते.

कार्बन डायऑक्साइड आणि मोनॉक्साइडचं गुणोत्तर नऊच्या जवळ आहे, म्हणजे आत कुठे कागद जळत नाहीये. तो सावकाश म्हातारा होतोय. अशा कागदाची विजेला अडवायची ताकद बराच काळ टिकते, आधी जातो तो चिवटपणा. मग बाहेर शॉर्टसर्किट झालं की वाइंडिंगला हिसका बसतो आणि ठिसूळ कागद फाटतो.

साध्या फिल्ट्रेशननं आम्ल जात नाही आणि तेच आम्ल कागद खातं. फुलर्स अर्थमधून (आम्ल शोषून घेणारी माती) तेल फिरवून घ्या. मात्र त्याआधी फ्युरानचा नमुना काढून आकडा लिहून ठेवा; त्यानंतर फ्युरान जवळजवळ शून्य दिसेल आणि जुना हिशेब कायमचा पुसला जाईल.

नमुना घेताना तेलाचं तापमान किती होतं? बहुतेक पाणी कागदात असतं. तेल तापलं की ते तेलात उतरतं, गार झालं की परत कागदात शिरतं. तापमानाशिवाय २४ या आकड्याला अर्थ नाही.

धागाकर्ता

तापमान लिहिलंच नव्हतं, चूक माझी. या आठवड्यात लोडवर असतानाच खालच्या व्हॉल्व्हमधून परत नमुना घेतो, तापमानासकट. ब्रीदरची (आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्याची) सिलिका जेलही ओल धरून गुलाबी पडलीय, ती आजच बदलतो. फुलर्स अर्थचं काम चालू लाइनवर करतात का, की बंदच ठेवावं लागेल? साहेबांना दिवसांचा हिशेब द्यायचाय.