मदत हवी आहे: डच स्टॉफझाउखन तुटत का नाही?

नमस्कार मंडळी, इथे कोणी डच शिकलंय का? उत्रेख्तला येऊन दीड वर्ष झालं, संध्याकाळचा क्लास करते आणि एका क्रियापदावर गाडी अडकलीये. स्टॉफझाउखन म्हणजे व्हॅक्यूम मारणे. स्टॉफ धूळ, झाउखन चोखणं, ओढून घेणं. आता स्खोनमाकन, म्हणजे साफ करणे, याचं तुटून इक (मी) माक स्खोन होतं, श्वास घेण्याच्या आडमहालनचं इक हाल आडम होतं, शिवाय आपणही 'झाडू मारते' असं दोन शब्दांतच बोलतो, म्हणून मी बिनधास्त लिहिलं इक झाउख स्टॉफ. बाईंनी खोडून वर लिहिलं इक स्टॉफझाउख. बरं नुसत्या झाउखनचं भूतकाळात झोख, खझोखन होतं, तर इथे तेही नाही, स्टॉफझाउख्ड आणि खस्टॉफझाउख्ट! हे शेवटचं मोठ्याने म्हटलं तर नवरा म्हणे सर्दी झाली का. त्यात शेजारच्या आजी खुशाल स्टॉफखझोखन म्हणतात. ही काय भानगड आहे?

अजून एक, स्टॉफ म्हणजे कापडपण ना? पहिल्याच आठवड्यात माझ्या ओढणीचं टोक नळीत गेलं होतं, तेव्हापासून मी तोच अर्थ धरून बसले होते 😀

प्रतिसाद:
अगं, तू उलटीकडून बघतेयस. आधी क्रियापद आणि त्यावरून मशीनचं नाव, असं झालंच नाही. आधी स्टॉफझाउखर, म्हणजे मशीन. इंग्लंडमध्ये बूथ नावाच्या इंजिनिअरने हवेने धूळ ओढणारं मशीन काढलं तेच 1901 ला, त्यामुळे क्रियापद त्यानंतरचंच, नामाचं शेपूट बदलून केलेलं. आपण लाथेवरून लाथाडणं करतो तसंच समज. नामातून आलं म्हणून तुटत नाही आणि रूपंही साधी नियमित चालतात. बेल्टहाउअर म्हणजे मूर्तिकार, त्यावरून बेल्टहाउअन आलं, त्याचंही खबेल्टहाउट होतं, नुसत्या हाउअनचं, म्हणजे घाव घालण्याचं, मात्र खहाउअन. आजी तुझ्यासारखंच झाउखन वेगळं काढून बोलतात, ऐकू येतं तसं, पण परीक्षेत लिहू नकोस. जर्मन लोकांची तर दोन्ही रूपं चालतात.

ओळखायचं कसं? टे, म्हणजे इंग्रजीतल्या to सारखा शब्द, लावून बघ. स्खोन टे माकन, मधे घुसतो. इथे टे स्टॉफझाउखन, बाहेरच राहतो.

आणि स्टॉफ दोन आहेत. धुळीचा स्टॉफ स्टाउफन म्हणजे उडणे याच्या घरातला, कापडाचा जुन्या फ्रेंचमधून आलेला.

मूळ धागाकर्ती:
थँक्यू!! म्हणजे त्या दिवशी मशीनने दोन्ही स्टॉफ एकदम ओढले म्हणायचे.