यंदा मुलींची बास्केटबॉल टीम कुठवर जाईल? काय वाटतं तुम्हाला?

गॅलरीतून_नौपाडा
सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग कॉलेजच्या कोर्टाला चिकटूनच आहे, तिसऱ्या मजल्यावरून या रिंगपासून त्या रिंगपर्यंत सगळं दिसतं. मी पण याच कॉलेजचा, २००९ ची बॅच. संध्याकाळी साडेपाचला बॉल आपटायला लागला की ऑफिसचा कॉल चालू असला तरी एक डोळा खालीच असतो.

विचारायचं असं की यंदा मुलींच्या टीमकडून कुठवर आशा ठेवायची? कॉलेजांच्या झोन स्पर्धेची सेमी? फायनल?

मागच्या वर्षीची क्वार्टर फायनल ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको, नवीन लोकांसाठी सांगतो. मॅचच्या स्कोअर शीटवर बारा नावं लिहिता येतात, आपल्याकडे सातच पोरी होत्या. सेकंड क्वार्टरला एकीचा घोटा मुरगळला, राहिल्या सहा. शेवटच्या क्वार्टरला आधी आपल्या सेंटरचे, म्हणजे रिंगखाली खेळते तिचे, पाच फाउल झाले आणि दोन मिनिटांत अजून एकीचे. पाच झाले की बाहेर. म्हणजे आपल्या चार, समोर पाच. नियमाने मॅच चालूच राहते, टीममध्ये दोन प्लेयर असेपर्यंत थांबवत नाहीत, पण चौघींनी पाच जणींना अडवायचं म्हणजे कोणीतरी एक मोकळी सुटणारच ना, आणि तरी पोरींनी शेवटच्या शिट्टीपर्यंत ओढली ती मॅच. तीन पॉइंटने गेली. संपल्यावर आपली पॉइंट गार्ड तिथेच मधल्या सर्कलमध्ये गुडघ्यावर डोकं टेकून बसली आणि समोरच्या टीमची कॅप्टन तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली. माझ्या डोळ्यांसमोरून ते अजून हलत नाही.

यंदा ट्रायलला एकवीस मुली आल्या. मी मोजल्या. त्यातल्या बारा जणी रोज येतायत, पाऊस असला तरी. परवा एवढा पडून गेला की कोर्टवर तळं झालेलं, तर दोघींनी खराटे घेतले, दोघींनी वायपर, आणि बाकीच्या गोणपाट टाकून रिंगखालची जागा कोरडी करत होत्या. पंधरा-वीस मिनिटं हेच, मग ले-अप सुरू. मला जी आशा वाटतेय ती कोणा एकीच्या उंचीमुळे नाही, या बारा जणींमुळे. सात जणींना जमलं नाही म्हणजे त्या कमी पडल्या असं नाही, त्या दमल्या होत्या.

फर्स्ट इयरला एक डावखुरी आलीये, उंचीने सगळ्यात लहान. बॉल हातात असताना खाली बघतच नाही. तिच्यावर लक्ष ठेवा.

---

एसवाय_शेवटचा_बाक
सोमवार, रात्री १०:५२

दादा, सेमी तर नक्कीच!! मी रविवारी नेरूळला गेलेलो प्रॅक्टिस मॅच बघायला, अकरा पॉइंटने जिंकलो आपण आणि तेही समोरच्यांच्या कोर्टवर. पहिला क्वार्टर बेकार गेला, लाकडी कोर्ट आहे त्यांचं आणि आपल्या पोरींना सिमेंटची सवय, बॉल वेगळाच उसळतो, थांबायला गेलं की बूट करकर वाजतात, दोनदा तर ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जास्त पावलं) झालं नुसतं पाय कुठे थांबतो ते न कळल्यामुळे. पण सेकंड क्वार्टरपासून मॅडमनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर समोरच्यांना चिकटून अडवायचं. समोरच्यांना आठ सेकंदात हाफ लाइन ओलांडायलाच जमेना. आणि सगळ्यात भारी काय माहितीये, दर तीन-चार मिनिटांनी दोघी-तिघी बदलत होत्या, त्यामुळे चौथ्या क्वार्टरला पण आपल्या पोरी पळतच होत्या आणि समोरच्या कमरेवर हात ठेवून उभ्या. मागच्या वर्षी हा प्रेस आपण पाच मिनिटं पण लावू शकलो नसतो.

ती डावखुरी कळव्याची आहे. डावीकडून ड्राइव्ह करते, डिफेन्स नेहमी उजवा हात अडवायला जातो आणि ही निघून जाते. चार स्टील केले तिने, म्हणजे समोरच्यांकडून बॉल काढून घेतला!

सेंटर पण सुधारलीये, आता उडी मारायच्या आधी पाठ लावून बॉक्स आउट करते. मागच्या वर्षी नुसती उडी मारायची आणि फाउल घ्यायची.

---

ऐरोली_सेकंड_शिफ्ट
सोमवार, रात्री ११:३०

मला पण टीम आवडते, म्हणूनच सांगतो, जरा दमानं घ्या. दर जुलैला आपण असंच बोलतो. नवी मुंबईतल्या काही टीमना स्वतःचं इनडोअर कोर्ट आहे, त्यांचा पावसात एक दिवस पण वाया जात नाही. आपल्या पोरी आठवड्यातले दोन दिवस पाणीच काढतायत. आणि झोनला नॉकआउट असतं, एक वाईट दिवस आला की सीझन संपला, लीगसारखं पुढच्या मॅचला भरून काढू असं नाही. प्रॅक्टिस मॅच जिंकलो याचा मला आनंदच आहे, पण त्यात समोरच्यांनी त्यांच्या मेन दोघींना किती खेळवलं ते पण बघा.

माझा अंदाज क्वार्टर फायनल. पुढे गेलो तर सगळ्यात आधी मी नाचेन.

---

जुनी_चार_नंबर
मंगळवार, सकाळी ७:२०

मी २०१० ते २०१३ खेळले, शेवटच्या वर्षी कॅप्टन होते. तेव्हा जर्सीचे नंबर चारपासून पंधरापर्यंतच असायचे, एक-दोन-तीन नसायचेच कारण रेफरी बोटांनी पॉइंट दाखवतो, घोळ नको म्हणून. चार नंबर बहुतेक कॅप्टनचा. आता काय कुठलाही नंबर घेता येतो.

शनिवारी मी मुद्दाम प्रॅक्टिसला जाऊन आले, दीड तास बसले, मॅडमशी बोलले. बारा जणी आहेत ही गोष्ट खरंच मोठी आहे आणि दादा म्हणतात ते पटतं. पण मला दोन गोष्टी टोचल्या त्या लिहिते.

एक म्हणजे फ्री थ्रो, फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट. मागच्या वर्षी तीन पॉइंटने हरलो हे सगळे सांगतात, पण फ्री थ्रो किती सुटले ते कोणी सांगत नाही. मी तिथे होते, शेवटच्या क्वार्टरमध्येच पाच सुटले. समोरच्यांचे टीम फाउल चार झाले की पाचव्यापासून प्रत्येक फाउलला आपल्याला दोन शॉट मिळतात, आणि आपली टीम आत घुसून खेळणारी आहे म्हणजे आपल्याला ते मिळणारच. ४.६० मीटरवरून, समोर हात घालायला कोणी नाही, पाच सेकंद तुमचे. यासारखे सोपे पॉइंट दुसरे नाहीत आणि यासारखे अवघड पण नाहीत, कारण पाय थरथरत असतात. शनिवारी फ्री थ्रोची प्रॅक्टिस सगळ्यात आधी घेतली, ताज्या पायांनी. त्याला अर्थ नाही. सुसाइड (कोर्टच्या लाइनपर्यंत पळत जाऊन परत यायचं) मारून झाल्यावर, धाप लागलेली असताना घ्या. आमचे सर तसंच घ्यायचे, दोन सुटले की परत अख्खा कोर्ट पळायचं, आम्ही तेव्हा जाम चिडायचो.

दुसरी गोष्ट आपल्या कोर्टची. थ्री पॉइंटची लाइन २०१० ला बदलली, ६.२५ मीटरची ६.७५ झाली, मी तेव्हा एफवायला होते. रिंगखालचा आखलेला भाग, ज्याला पेंट म्हणतात, तो पण तेव्हाच बदलला, आधी तो बेसलाइनला रुंद आणि वर निमुळता असायचा, मग सरळ चौकोनी झाला. आपल्या कोर्टवर नवीन लाइन मारली पण जुनी खरवडली नाही. आता इतक्या वर्षांत काय झालंय की स्टेशनकडच्या रिंगजवळ नवीन लाइन पार उडाली आणि खालची जुनी पिवळी वर आलीये. शनिवारी दोघी त्या पिवळ्या लाइनवरून थ्री मारत होत्या आणि छान घालत पण होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या ताई हीच लाइन आहे ना? अर्धा मीटर आत! मॅचला तिथून घातला तर दोनच मिळणार, आणि खऱ्या लाइनवरून मारला तर शॉर्ट पडणार कारण हाताला तेवढ्याच अंतराची सवय. पोरींची यात काहीच चूक नाही.

ऐरोलीवाल्या दादांना एक सांगते. नॉकआउटमध्ये एका दिवसात सगळं जातं हे खरं, पण एका दिवसात मिळतं पण. जुलै २०१७ ला बंगळूरला महिलांच्या एशिया कपच्या डिव्हिजन बीची फायनल, भारताने कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं आणि वरच्या डिव्हिजनला गेलो. दोन पॉइंट. एक बास्केट इकडचं तिकडे झालं असतं तर ओव्हरटाइम. ते बघून मी तेव्हा ऑफिसमध्ये रडले होते.

माझं उत्तर: सेमी. फ्री थ्रो सुधारले तर फायनल.

---

कळव्याची_आई
मंगळवार, दुपारी १:०५

नमस्कार. तुम्ही सगळे जिच्याबद्दल लिहिताय ती डावखुरी माझी मुलगी. तिनेच हे वाचायला दिलं. मला खेळातलं काही कळत नाही, पण वाचून फार बरं वाटलं. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून तिला घरात सगळ्यांनी बोलून झालंय, आणि आता त्याच हाताचं कौतुक होतंय.

ती रात्री आठला घरी येते, बूट ओले, त्यात पेपर कोंबून पंख्याखाली ठेवायचे, सकाळी तेच घालून लेक्चरला. अभ्यासाचं काय हा प्रश्न माझ्या मनात असतोच. एक विचारू का, पाच फाउल झाले की बाहेर म्हणजे नेमकं काय? मागच्या वर्षीसारखं हिच्यावर आलं तर ती फार मनाला लावून घेईल.

---

जुनी_चार_नंबर
मंगळवार, दुपारी २:४०

काकू, एका मॅचमध्ये पाच वेळा चुकीचा धक्का, हात मारणं वगैरे झालं की त्या मॅचपुरतं बाहेर बसायचं, पुढच्या मॅचला परत शून्यापासून. शिक्षा वगैरे काही नाही. आणि यंदा ती बाहेर बसली तर तिच्या जागी जायला पाच-सात जणी आहेत, म्हणून तर आम्ही सगळे बारा बारा करतोय. छोट्या गार्डचे फाउल बहुतेक हात मारण्यात जातात, तिला सांगा बॉल काढताना हात वरून खाली मारू नकोस, खालून वर ने. रेफरीला वरून मारलेला हात लगेच दिसतो.

अभ्यासाचं म्हणाल तर इंटर्नल्सच्या तारखा मॅडमना आधीच लिहून द्यायला सांगा, त्या ॲडजस्ट करतात. आणि बुटांचे दोन जोड हवेत, ओल्या बुटांनी घोटा मुरगळतो. माझ्याकडे एक जोड जवळजवळ नवीन पडून आहे, साइज पाच. लाजू नका, विचारा तिला.

---

ऐरोली_सेकंड_शिफ्ट
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

ताई, लाइनचं मला माहीतच नव्हतं. अर्धा मीटर म्हणजे खूप झालं. आपण जुनी मंडळी वर्गणी काढून नवीन लाइन मारून देऊ की, पेंटचा खर्च असा किती येणार. जिमखान्याच्या सरांची परवानगी घ्यावी लागेल, ते मी बघतो.

---

एसवाय_शेवटचा_बाक
मंगळवार, संध्याकाळी ६:३३

पेंट आता नको दादा, या पावसात सिमेंट आतून ओलं आहे, आठ दिवसांत पापुद्रे निघतील. गणपतीनंतर ऊन पडलं की मारू. पण पहिला राउंड त्याच्या आधी आहे, तोपर्यंत काय?

---

गॅलरीतून_नौपाडा
मंगळवार, रात्री ९:४८

तोपर्यंत खडू. आज संध्याकाळी मी खाली जाऊन करून बघितलं. सुतळी घेतली, ६.७५ मीटर मापून गाठ मारली. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडून खाली जमिनीवर खूण केली, एका मुलीला तिथे सुतळीचं टोक दाबून धरायला सांगितलं आणि मी दुसऱ्या टोकाला खडू धरून अर्धगोल फिरलो. दोन्ही कोपऱ्यांत तो गोल चालत नाही, तिथे साइडलाइनपासून ९० सेंटीमीटर सोडून सरळ रेघ येते. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. कोर्टवर निळा खडू चांगला दिसतो, पांढरा ओल्या सिमेंटवर दिसत नाही.

मग सगळ्या त्या निळ्या लाइनच्या मागे उभ्या राहिल्या. पहिले सात-आठ शॉट रिंगला पण लागले नाहीत, एकदम शांतता पसरली. एक म्हणाली सर एवढं लांब असतं? मॅडम म्हणाल्या गुडघे अजून वाकवा, ताकद हातातून नको, पायातून आणा. साधारण वीस मिनिटांनी सेंटरने एक घातला, जाळीला पण न लागता आल्यासारखा सरळ आत, आणि अकरा जणी तिच्या अंगावर धावल्या. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन-तीन गॅलऱ्यांतून टाळ्या आल्या.

जुनी चार नंबर, फ्री थ्रोचं मॅडमना सांगितलं, आज शेवटी घेतले, पळून झाल्यावर. दहापैकी दहा कोणाचेच नाहीत. डावखुरीचे सात.

काकू, प्रॅक्टिस संपली की सगळ्या एकत्रच स्टेशनला जातात, आज मी मुद्दाम विचारलं.

पाऊस आला की रेघ पुसणार, म्हणजे रोज मारावी लागणार. मी सोमवार ते गुरुवार सव्वापाचला खाली असेन, शुक्रवारी मला ऑफिसला जावं लागतं. शुक्रवारचं कोण घेतंय? सुतळी वॉचमनकाकांकडे ठेवलीये, गाठ सोडू नका.