लेक प्रार्थना इंग्लिशमध्ये म्हणते, मी आईसारखी मराठीत शिकवू कशी?

कॅम्पातली_लेक

जय ख्रिस्त सगळ्यांना. लिहू की नको करत बरेच दिवस गेले. मी मूळची बेळगाव कॅम्पातली, लग्न होऊन आता टिळकवाडीत असते. सासरची मंडळी बैलहोंगलकडची म्हणून घरात निम्मं मराठी निम्मं कन्नड, आणि पोरगी पहिलीत, इंग्लिश मीडियमला. रात्री झोपताना ती हात जोडून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली, म्हणते ती शाळेत पाठ करून घेतलेली इंग्लिशमधली, श्वास न घेता एका दमात. परवा मी सहज मराठीत सुरू केली आणि "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" इथं आले तर मला थांबवून म्हणाली, मम्मी भाकर नाही, ब्रेड. टीचरनी ब्रेड सांगितलंय.

मला पुढचं म्हणताच आलं नाही.

आमची आई संध्याकाळची प्रार्थना चुलीपुढंच घ्यायची. आम्ही तिघं भावंडं भिंतीला टेकून बसलेलो, ती परातीत जोंधळ्याचं पीठ मळत असायची आणि तोंडानं प्रार्थना चालू. त्यासाठी वेगळा वेळ तिला मिळायचाच नाही, सकाळी लोकांच्या घरची कामं, दुपारी शिवण. भाकरी थापायचा आवाज आणि प्रार्थनेचे शब्द एकाच ठेक्यात चालायचे, भाकरी तव्यात टाकून वरनं पाण्याचा हात फिरवेपर्यंत गप्प, मग पुढचं वाक्य. आणि त्या प्रार्थनेत अख्खी गल्ली असायची, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, कुणाचा नवरा पिऊन येतोय, एकदा तर गवळ्याची म्हैस चारा खाईना झाली होती तर तिच्यासाठी पण मागणं केलेलं मला आठवतंय. "रोजची भाकर" आलं की बरोबर तेव्हाच चुलीतल्या आरावर भाकरी फुगायची. रोज तसं होणं शक्य नाही हे मला कळतंय, पण मला तसंच आठवतंय. लहानपणी मला वाटायचं ती ओळ आमच्याच भाकरीबद्दल आहे, बायबलमध्ये आमच्या घरचं लिहून ठेवलंय.

मागच्या पावसाळ्यात आई गेली. अकरा दिवस आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून जेवढी प्रार्थना केली तेवढी जन्मात केली नव्हती. ती गेल्यापासून मला स्वतःच्या शब्दांत प्रार्थनाच येईना झालीय. चर्चला जाते, गीतं म्हणते, प्रभुभोजन घेते, पण घरी डोळे मिटले की आत काहीच हलत नाही. मग लेकीला शिकवू काय आणि कुठल्या तोंडानं? तुम्ही घरात पोरांना कुठल्या भाषेत शिकवलीत, आणि स्वतःचं मन कोरडं असताना शिकवता येतं का, हे खरंच विचारायचंय.

---

खानापूरची_ताई

वाचून डोळे भरले गं. आम्ही कॅथलिक, खानापूर तालुक्यातलेच, घरात कोकणी, शाळेत मराठी शिकलो, बाजारात दोन्ही चालतं आणि आता सरकारी कागद सगळे कन्नडमध्ये. आमच्या कोकणीत ती ओळ "आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी" अशी आहे. गिरास म्हणजे घास. भाकरी पण नाही, एक घास. आमच्या माईनं आम्हाला तांदळाची पेज भरवताना शिकवलेली, म्हणून माझ्या डोक्यात गिरास म्हणजे तिची बोटं.

रोज सात वाजता तेर्स, म्हणजे माळ घेऊन म्हणायची प्रार्थना, व्हायचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून पन्नास वेळा नमो मारिया, मारियामातेची प्रार्थना, म्हणजे पोरांना किती लांब वाटतंय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. मी शेवटच्या लादीनपर्यंत कधी जागी राहिलेच नाही. माईनं कधी उठवलं नाही की रागावली नाही, सगळं संपल्यावर कांबळं घालायची आणि माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायची. झोपेत कळायचं ते. आता माझे दोन्ही पोरगे पुण्याला, तेर्स म्हणत्यात का नाही मी विचारत नाही, पण नाताळला आले की पाया पडताना कपाळ पुढं करत्यात, एवढे बाप्ये झाले तरी.

तुला एक सांगते, पाठ करून घ्यायच्या मागं लागू नको. पोरीच्या हाताला काम दे. आमच्याकडं नाताळला येशूच्या जन्माचा गोठा मांडत्यात, त्यासाठी आधी आठ-दहा दिवस डब्याच्या झाकणात माती घालून नाचणी पेरत्यात, हिरवी कोवळी रोपं आली की ती गोठ्यात मेंढरांच्या पायाशी ठेवायची. रोज पाणी शिंपडताना एक नमो मारिया. माझ्या नातीला तेवढी एकच कोकणीत येते, नाचणीमुळं.

---

गोवावेस_सर्कल

ताई वाईट वाटून घेऊ नका पण मला वाटतं इंग्लिशमध्ये म्हणाली तर काही बिघडत नाही. प्रभू येशू स्वतः अरामी बोलत होता, ही प्रार्थना आपल्याकडं आली ती ग्रीकमधून, म्हणजे मराठी काय नि इंग्लिश काय दोन्ही भाषांतरंच. मार्कच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेत तो बापाला "अब्बा" म्हणून हाक मारतो, त्या प्रार्थनेत तेवढा एक शब्द मूळचा राहिलाय. आमच्या घरी पोरं मला अप्पा म्हणत्यात. मी तेवढंच शिकवलंय, देवाला अप्पा म्हणा आणि पुढं जे सुचेल ते बोला. धाकटा काल कन्नडमध्ये सायकल मागायला होता, मागू दे की.

---

अनगोळकर_वहिनी

मी ख्रिश्चन नाही, पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडं पण हेच आहे. सासूबाई दिवा लावून शुभंकरोती म्हणायच्या तेव्हा आम्ही सगळे हातपाय धुऊन बसायचो, आता माझा मुलगा ते मोबाईलवर लावतो आणि स्वतः गप्प बसतो. मला ऐकायला येतंय पण घरात आवाज नाही असं वाटतं. तुमच्या आईची म्हशीसाठीची प्रार्थना माझ्या मनातनं जाईना.

---

निवृत्त_बाई

पोरी, मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं संडे स्कूल घेतलं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर देते कारण खरा प्रश्न मला तोच दिसतोय.

बायबलातल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात हन्ना आहे बघ. शिलोच्या मंदिरात ती प्रार्थना करत होती तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं ही बाई प्यालीय, आणि तो तिला तसं तोंडावर बोलला. ती म्हणाली तसं नाही, मी मन मोकळं करायलेय. तिच्या त्या प्रार्थनेचे शब्द त्याला ऐकूसुद्धा आले नाहीत, तरी ती प्रार्थनाच होती. आयसीयूच्या बाहेर तू अकरा दिवस बसलीस आणि आता ओठ हलत नाहीत, तर नाही हलले काही दिवस. माझे यजमान गेले तेव्हा मी जवळजवळ दोन वर्षं उपासनेत फक्त उभी राहत होते, गीताचं पुस्तक उघडून. बाजूच्या बायका म्हणायच्या, मी त्यांच्या आवाजात उभी राहायची. तेवढ्यावर मी टिकले.

पुढं त्याच हन्नानं आपल्या पोराला, शमुवेलाला, मंदिरात ठेवलं आणि दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. वर्षातनं एकदा पोराला भेटायचं, म्हणजे माप अंदाजानंच घेत असणार, केवढा वाढला असेल म्हणून. तुझी आई शिवण करायची लिहिलंस तेव्हा मला हेच आठवलं.

आता भाषेचं. हा प्रश्न बेळगावला नवा नाही. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर इथं आले तेव्हाही कॅम्पात तमिळ माणसं होती, शहरात मराठी आणि कन्नड. पुढं ते काम मेथडिस्ट मिशनकडं गेलं, आमच्या आज्या त्यातच वाढल्या, एकाच घरात एक बहीण कन्नड उपासनेला आणि एक मराठी उपासनेला जायची. तुझ्या सासरकडं कन्नडमध्ये त्या जागी "आहार" म्हणत्यात, तुला माहीत असेल. तेही पोरीला शिकव. भाकर, आहार, ब्रेड आणि त्या खानापूरच्या ताईंचा गिरास, पोरीला चारी कळू देत.

पंडिता रमाबाई बघ. जन्म कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात, १८५८ चा. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं, ती आई दुष्काळात गेली. ख्रिस्ती होणं वगैरे सगळं नंतरचं. तरी म्हातारपणी त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, ते पुरं छापून आलं १९२४ ला, त्या स्वतः १९२२ लाच गेल्या होत्या. लक्ष्मीबाईंनी रानात मुलीला पुढ्यात बसवून शिकवलं तेव्हा यातलं काय त्यांच्या डोक्यात असणार? त्या फक्त पोरीला रोज घेऊन बसत होत्या. तू पण रोज घेऊन बस, कुठल्याही भाषेत.

---

कॅम्पातली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, हन्नाची गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली होती, पण ओठांचं ते कधी माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. रात्री परत काढून वाचली. झग्याचं वाचून आईची शिवणाची टोपली काढली, त्यात अजून तिच्या हातचा दोरा ओवलेली सुई तशीच खोचलेली आहे.

काल जोंधळ्याचं ताजं दळण आणलं. गॅसवरच केली, चूल कुठली आता. पोरीला ओट्याशेजारी स्टुलावर उभी केली आणि पिठाचा एक गोळा तिच्या हातात दिला, तिनं थापली तशी काठाला सगळी चिरली, मग मी पाण्याचं बोट लावून सांधून दिली. मी काही म्हटलं नाही, म्हणता आलं नाही. तीच इंग्लिशमधली सुरू झाली आणि त्या ओळीला आल्यावर माझ्याकडं बघून "भाकर" म्हणाली, बाकी सगळं इंग्लिश. यांनी आत येऊन कन्नडमधली ओळ म्हटली. भाकरी काही फुगली नाही. पोरगी म्हणाली, फुगली नाही तरी आमेन म्हणायचं का? मी हो म्हटलं.

ताई, नाचणीसाठी माती कुठली घेता, नुसती लाल चालते का शेणखत घालायचं? आणि झाकण उन्हात ठेवायचं का सावलीत? पोरगी आत्तापासनं विचारायलीय.