अंगणवाडी कन्नड, घरात मराठी: साडेतीन वर्षांच्या मुलाला काय यायला हवं आणि कसं शिकवावं?

खानापूर_पाऊसपाणी
नमस्कार मंडळी. आम्ही कर्नाटकातल्या खानापूरकडचे. मुलगा साडेतीन वर्षांचा, गावातल्या अंगणवाडीत जातो. टीचर कन्नड बोलतात, त्यांना मराठी जेमतेम समजतं. घरात सगळं मराठी, पुढे मराठी शाळेतच घालायचा विचार आहे. शेजारची त्याच वयाची पोर इंग्रजी एलकेजीत जाते. ती ५० पर्यंत आकडे म्हणते, रोज दोन पानं लिहिते. आमचा लेक मातीने माखून घरी येतो. सासूबाईंचं म्हणणं, पाटी धरायला लावा की आता.
विचारायचं ते असं. लिहायला कधी बसवावं? आकडे कसे शिकवावेत? आणि दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतोय का? तिथे तो फारसं बोलतच नाही म्हणे.

बालवाडी_प्रशिक्षिका
लिहिणं सध्या बाजूला ठेवा. या वयात मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. आधी खांदा आणि कोपर स्थिर होतात, मग बोटं कामाला लागतात. पेन्सिल मुठीत धरलेली असेल तर रेघ खांद्यातून येते, जोर जास्त पडतो, कागद फाटतो, हात दुखून येतो. मग पाटी दिसली की पोर पसार.

कुठला आकार कधी जमतो, याचा ढोबळ अंदाज: तीनच्या आसपास गोल, चारला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, त्रिकोण पाचच्या पुढे. म्हणजे तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. ‘र’ आणि ‘स’ला तीच लागते. साडेतिनाव्या वर्षी ‘र’ वाकडा आला म्हणून रागावण्यात काही अर्थ नाही.

घरात करायचं ते साधं आहे. कणकेचा गोळा मळू द्या, त्याच्या वळ्या करू द्या. ओलं फडकं पिळू द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या. अंगठा आणि दोन बोटांचा त्याहून चांगला व्यायाम विकत मिळत नाही. पाटीवर काढायला खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचाच तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत घ्यावाच लागतो. अख्खा खडू दिलात की मूठ आलीच. पाटी मांडीवर न ठेवता भिंतीला उभी टेकवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याने मनगट मागे झुकतं आणि पकड आपोआप सुधारते.

साडेचारनंतर परातीत रवा पसरून बोटाने रेघा: उभी, आडवी, गोल, अर्धगोल, शेवटी तिरकी. थर अर्धा सेंटिमीटर पुरे, जाड झाला तर रेघ लगेच बुजते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर वाळू कोरडी राहतच नाही, म्हणून रवा. तोही तव्यावर कोरडा करून घ्या, नाहीतर बोटाला चिकटतो. भाताचं तूस मात्र नको, टोचतं आणि डोळ्यात जातं.

मातीत खेळून येतो ही तक्रार समजू नका. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी उभी केली ती शिंपले, पानं, बिया, खडे यांच्यावरच.

पहिलीचे_मास्तर
आकड्यांचं बोलतो. ५० पर्यंत म्हणणं हे पाठांतर झालं, मोजणं वेगळं. तपासायचं असेल तर समोर दहा चिंचोके ठेवा आणि म्हणा, “मला चार दे.” पुष्कळ मुलं एक, दोन, तीन, चार म्हणत सगळेच्या सगळे हातात देतात. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे एकूण किती, हे अजून कळलेलं नसतं.

चुका बहुतेक तीनच असतात. एकाच वस्तूला दोनदा बोट लागतं, एखादी सुटते, किंवा तोंड बोटाच्या पुढे धावतं. पहिल्या दोनांवर उपाय: मोजलेला चिंचोका उचलून वाटीत टाकायला लावा. न मोजलेले आणि मोजलेले वेगळे दिसले की चूक राहत नाही. तिसऱ्यावर उपाय: वाटी धातूची घ्या. टण्ण आवाज आला की मगच पुढचा आकडा. सुरुवात तीनपर्यंत, मग पाच. चारचा ढीग मोडून ओळीत मांडला तरी चारच, हे पटेपर्यंत दहाकडे जाऊ नका. पाच वर्षं पूर्ण होताना दहापर्यंत पक्कं असलं तर उत्तम आहे.

वीसच्या पुढची घाई मराठी मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. एकवीस म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी. त्यामुळे पहिलीत २१ च्या जागी १२ दिसतात. एकोणतीस, एकोणचाळीस ही वेगळीच डोकेदुखी. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन दिलं ते याच अडचणीमुळे. त्यावर गदारोळही झाला. कन्नडात वीसच्या पुढे आधी दशक, मग एकक: इप्पत्तोंदु. मूल अंगणवाडीत तसं मोजायला शिकलं तर शिकू द्या, ते सोपंच आहे. फक्त एका मोजणीत एकच भाषा ठेवा.

सीमेवरची_काकू
बाकी असू दे, पण या भागात कन्नड अक्षरं आत्ताच गिरवून घेतलेली बरी. पुढे शाळेत कन्नड येणारच आहे. उशीर झाला की पोर मागे पडतं.

भाषा_आणि_बाळ
काकू, कन्नड शाळेत येणार हे खरं. पण आधी कान, मग डोळा, मग हात. जी भाषा कानाला ओळखीची नाही, तिची अक्षरं गिरवणं म्हणजे नुसती नक्षी. शिवाय दोन्हीकडचा वर्णक्रम बराचसा एकच आहे. मराठीत ‘अ आ इ ई’ नीट बसलं की कन्नडचं अर्धं काम झालेलं असतं. तिकडे ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे, तेवढं नवीन. एक लिपी वाचता आल्यावर दुसरी लवकर येते. दोन्ही एकदम गिरवायला लावल्या की कन्नड अक्षरांवर शिरोरेषा ओढणारी मुलं तयार होतात.

दादा, तुमचा मुलगा तिथे बोलत नाही हे सहसा काळजीचं नसतं. नवी भाषा कानावर पडू लागली की मुलं कित्येक महिने नुसतं ऐकतात. त्या काळात “कन्नडात बोलून दाखव” असा आग्रह धरू नका. दोन गोष्टी मात्र करा.

गरजेचे शब्द खेळता खेळता घरी शिकवा: नीरु (पाणी), ऊटा (जेवण), बेकु (हवं), ब्याड (नको), साकु (पुरे). टीचरना ‘शू’ म्हटलेलं कळतं ना, तेही विचारून घ्या. तहान लागली ते सांगता न आल्यानेच पोरं दारात रडतात.

आणि घरातलं मराठी भरपूर, सलग बोला. चूल पेटवताना, भांडी लावताना, “हे मोठं पातेलं खाली, छोटं त्याच्या आत” असं. त्यातूनच वर-खाली, आत-बाहेर, आधी-नंतर येतं, जे पुढे वाचायला लागतं. शब्द टाळ्यांवर तोडा: का-क-डी, तीन टाळ्या. मग “‘क’ने सुरू होणारं घरात काय काय?” हा खेळ चारनंतर. अक्षर ओळखण्याआधी आवाज सुटा ऐकू यायला हवा. घरी मराठीतही तो गप्प असेल किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तरच कान तपासून घ्या.

पहिलीचे_मास्तर
एक राहिलं. घाई कशाची आहे? पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हा कर्नाटक राज्याचा नियम आहे. २०२५-२६ला पाच वर्षं पाच महिने अशी त्या वर्षापुरती सवलत दिली होती. तुमच्याकडे दोनेक वर्षं आहेत. अक्षरं शेवटच्या सहा-आठ महिन्यांत, वळणाच्या गटाने घ्या: ग म भ न एकत्र, व ब क एकत्र. शिरोरेषा पूर्ण शब्द लिहून झाल्यावर. अक्षरागणिक रेघ मारायची सवय लागली की दोन शब्दांमधली जागा कळत नाही.

खानापूर_पाऊसपाणी
खूप आभार, सासूबाईंनाच वाचून दाखवतो. चिंचोके घरात नाहीत, पण काजूच्या बिया पोतंभर पडल्यात. त्या मोजायला दिल्या तर चालेल ना?

बालवाडी_प्रशिक्षिका
अजिबात नको! कच्च्या काजूबीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, आणि मुलं बी चावून बघतातच. गुंजाही नकोत, दिसायला सुंदर पण आत विष. हरभरे, वाटाणे नाकात गेले की ओलाव्याने फुगतात. बाटल्यांची मोठी झाकणं घ्या, तोंडात मावणार नाहीत अशी. शेंगा फोडायला आणि चिंचोके मोजायला दिलेत तर शेजारी बसूनच, शेंगदाणे मोठ्यांच्या वाटीत. आणि कधी नाकात काही गेलंच तर चिमटा घालू नका, आत सरकतं. सरळ डॉक्टरकडे न्या.