मदत हवी आहे : आजोबांच्या वहीतले ‘१२ वाव’ म्हणजे नक्की किती?

हर्णैच्या घराची आवराआवर करताना माळ्यावर आजोबांची वही मिळाली. निम्मी वही उधारीची, उरलेल्या पानांवर मासेमारीच्या जागा. नमुना देतो : ‘देवळाचा कळस नि डोंगराची सोंड एका रेघेत. पाणी १२ वाव. तळ चिखल.’ अशा चाळीसेक नोंदी आहेत. त्या मीटरमध्ये करून नकाशावर टाकायच्यात. वाव म्हणजे सरळ ६ फूट धरू का? आणि आपण ‘सुधारणेला वाव आहे’ म्हणतो, तो वाव हाच का?

खारावारा :
दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. दोर अजूनही असाच मोजतात : टोक डाव्या हातात, उजवा हात लांब, दोर छातीवरून ताणला की झाली एक. संस्कृतात हाच ‘व्याम’, अमरकोशात नेमकी हीच व्याख्या आहे. साधारण चार हातांची एक वाव, हात दीड फुटाचा धरला तर ६ फूट.

इंग्रजांचा फॅदमही ६ फुटांचाच, म्हणजे १.८२८८ मीटर. त्या शब्दाचा जुना अर्थ पसरलेले बाहू, मिठी. आपल्या भाषेत ‘कव’च की! फ्रेंचांचा ब्रास आणि पोर्तुगीजांचा ब्रासा हेही हातावरूनच आले. मिसिसिपीवरच्या आगबोटीत दोन फॅदम पाणी लागलं की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी द्यायचे. लेखक सॅम्युएल क्लेमेन्सने टोपणनाव घेतलं ते तिथलं.

‘सुधारणेला वाव’ म्हणजे हातपाय पसरायला जागा, एवढं मला पटतं. गुजरातेतली पायऱ्यांची वाव मात्र वेगळी, ती ‘वापी’वरून.

गाळसाळ :
६ फूट सरसकट धरू नका. माणसाची वाव साधारण त्याच्या उंचीइतकी असते. सव्वापाच फुटी माणसाचे १२ वाव ६३ फूट भरतात, फॅदमच्या हिशेबाने ७२. जवळपास पावणेतीन मीटरचा घोळ! त्यात पाणी भरतीचं मोजलं की ओहोटीचं, तेही बघा.

‘तळ चिखल’ कसं कळलं असेल, त्याची एक गंमत. पूर्वी जहाजांवर खोली मोजायच्या दोरीला शिशाचं वजन असे. त्याच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरत. वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल, जे असेल ते चिकटून वर येई. अंधारात वाचता यावी म्हणून दोरीला खुणाही हाताला कळतील अशा : २ फॅदमवर दोन शेपट्यांचं चामडं, ३ वर तीन शेपट्यांचं, १० वर भोक पाडलेलं. तुमच्या आजोबांची उंची किती होती?

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. आजोबा ठेंगणे होते, पाच फूट दोन इंच असतील. त्या हिशेबाने सगळी पानं परत केली आणि खात्री करायला आत्याला फोन लावला. ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘अरे, बाबा नुसते लिहायचे. दोरी तांडेल (होडीचा म्होरक्या) टाकायचा. तो आपल्या दारातून वाकून आत यायचा.’

आमच्या जुन्या दाराची चौकट आत्ताच मोजली. पावणेसहा फूट. आता तांडेलाचा वाव किती धरू?